नरारा (जामनगर) : कोणती तिथी, किती वेळ, कोणते बूट? सल्ला हवा

सदाफुली
फेब्रुवारीत द्वारका-सोमनाथ आहे. सौराष्ट्र मेलने जामनगरला उतरून पुढे गाडी. वाटेत नराराचे प्रवाळ बघायचे आहेत. आम्ही पाच जण, त्यात मुलगा ८ वर्षांचा आणि आई ६८ची, गुडघे दुखतात. वेळापत्रकात सप्तमीचा दिवस मोकळा सापडतोय. सप्तमी चालेल का? एकूण किती वेळ धरावा? बूट कोणते? आणि पिरोटन बेटही त्यातच जमवता येईल का?

खाजणकर
सप्तमी सोडाच. सप्तमी-अष्टमी-नवमी म्हणजे भांग, भरती-ओहोटी सगळ्यात लहान. पाणी पुरेसं मागे जात नाही, प्रवाळ बुडालेले राहतात, आणि कच्छच्या आखाताचं पाणी इतकं गढूळ असतं की वरून काही दिसत नाही. गुडघाभर चिखलपाण्यातून फिरून परत याल.

पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीया-चतुर्थीपर्यंतचा दिवस घ्या. सगळ्यात मोठी ओहोटी बहुधा ऐन पुनवेला नसते, एक-दोन दिवसांनी असते. द्वारकेचं दर्शन कुठल्याही दिवशी होईल, तेव्हा आधी ओहोटी ठरवा आणि मग रेल्वेचं आरक्षण.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे आपल्याकडचं गणित मुंबई-कोकणासाठी आहे. आखातात वेळ सरकते, म्हणून ते तिथे लावू नका. भरती-ओहोटीच्या तक्त्यात 'सिक्का' बंदर शोधा, नराराला ते जवळचं. वेळेसोबत उंचीही बघा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, आणि त्यातली खोल नेमकी रात्रीची निघाली तर उपयोग नाही. दिवसाउजेडी १ मीटरच्या आत उतरणारी ओहोटी मिळाली तर उत्तम. दीडच्या वर असेल तर मी जाणार नाही. दिवस एकाने पुढे ढकलला तर वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, तेवढं धरून गाडी सांगा.

वाळूघड्याळ
वेळेबद्दल. तक्त्यात ओहोटी ८ला असेल तर ८ला पोचायचं नसतं, ८ला परत फिरायचं असतं. इथे लोक हमखास चुकतात.

जामनगरपासून साधारण ६० किमी. द्वारका रस्त्याने खंभाळियाच्या आधी उजवीकडे वाडीनारचा फाटा. वनखात्याच्या फाटकावर नोंद, शुल्क, मूळ ओळखपत्र आणि मार्गदर्शक यात अर्धा तास जातो. परदेशी पासपोर्टवर कुणी येणार असेल तर त्याचा दर वेगळा. तिथून प्रवाळांपर्यंत एक-दीड किमी पायी, आणि ही चाल डांबरी रस्त्याची नाही. म्हणून ओहोटीच्या दोन तास आधी पाण्याच्या कडेला उभं असायला हवं. मागे हटणाऱ्या पाण्याच्या मागोमाग चालायचं.

परतीचा हिशेब असा : भरती सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढं पाणी, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. म्हणजे पहिला तास फसवा, काही होतच नाहीये असं वाटतं. त्यात जमीन सपाट, त्यामुळे थोडं पाणी चढलं तरी ते आडवं लांबवर पसरतं. शिवाय तुमच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या सखल चरांत ते आधी शिरतं. समोर समुद्र लांब दिसतो आणि पाठीमागे पोटरीभर पाणी झालेलं असतं. मार्गदर्शक 'चला' म्हणाला की आणखी एक फोटो नको.

तळपाय
बूट : जुने, नाडीचे, बंद, जाड तळाचे. घोटा झाकला तर आणखी बरं. पट्ट्याच्या सँडलमध्ये खडी शिरते आणि शंभर पावलांत सोलवटतं. सैल रबरी चपला चिखल ओढून घेतो. अनवाणी तर नकोच, कालवांच्या कडा पात्यासारख्या लागतात. खारं पाणी बुटांचा डिंक सोडवतं म्हणून तळ आधी ओढून बघा, नाहीतर अर्ध्या वाटेत आ वासतील. जाड मोजे घाला.

पाण्यातून चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या, म्हणजे वाळूत दबलेला पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतो. काठी खोली बघायला, टोचायला नाही. माणशी २ लिटर प्यायचं पाणी, पाय धुवायला वेगळा कॅन, मुलाला कोरडे कपडे. तेल-क्रीम चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी. डबक्यात पाणी थोडं असतं, अंगावरचं त्यात उतरतं. पोलराइज्ड चष्मा असेल तर जरूर न्या. पाण्यावरची चकाकी कापली जाते आणि तळ दिसतो. मोबाइलच्या भिंगापुढे तोच चष्मा धरला तरी फरक पडतो.

कोपऱ्यावरचा
एक सांगू का? प्रवाळांवर माणसांच्या रांगा चालवायच्या आणि त्याला निसर्ग पर्यटन म्हणायचं, हे पटत नाही. १९८० साली सागरी अभयारण्य, १९८२ साली देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, आणि आपण तिथे बूट घालून नाचणार.

खाजणकर
कोपऱ्यावरचा, मुद्दा खरा आहे, पण पाय कुठे ठेवतो त्यावर बरंच अवलंबून आहे. वाळू आणि मेलेला खडक यांवर चालायचं. पांढरा-राखाडी, शेवाळ धरलेला तो मेलेला. तपकिरी, हिरवट, पिवळसर आणि बारीक नक्षीचा तो जिवंत. ओळखता येत नसेल तर मार्गदर्शकाच्या पावलावर पाऊल. दगड उलटू नये. त्याने उलटला तर होता तसाच परत ठेवायला सांगा, नाहीतर खालच्या अंगाचे जीव उन्हात मरतात.

मार्गदर्शक पाहुण्यांना खूश करायला केंड मासा हातात घेऊन फुगवून दाखवतात. पाण्याबाहेर तो हवा गिळतो आणि ती बाहेर टाकणं त्याला जड जातं. त्याच्या अंगात विषही असतं. ऑक्टोपसला बिळातून काढतात, समुद्रकाकडी मुलांच्या तळहातावर देतात, आणि घाबरली की ती आतडी बाहेर टाकते. फाटकावरच सांगून ठेवा, 'हात न लावता दाखवा, पैसे तेवढेच देऊ.' चांगले मार्गदर्शक मग निवांत होतात आणि जास्त दाखवतात. शंकूच्या आकाराचे शंख मुलाला उचलू देऊ नका, त्यांचा दंश विषारी असतो.

आणि अंदमानची अपेक्षा ठेवू नका. इथे गाळ जास्त, खारटपणा आणि तापमान दोन्ही वर-खाली होतात, म्हणून फांद्यांचे नाजूक प्रवाळ जवळजवळ नाहीत, गोळ्यागोळ्यांचे दणकट आहेत. गोनिओपोरा हा प्रवाळ मात्र चुकवू नका. डबक्यात त्याचे पॉलिप (प्रवाळ घडवणारे बारीक जीव) शेवंतीसारखे उमललेले असतात, सावली पडली की मिटतात. सूर्य पाठीशी घेऊन उभे राहू नका.

मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा खिशात नको. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या शेजारी.

तळपाय
आईंबद्दल : प्रवाळांपर्यंत नेऊ नका. गुडघ्यांना दगडापेक्षा चिखल वाईट, रुतलेला पाय उपसताना पीळ बसतो. सुरुवातीच्या पट्ट्यात तिवरं आणि खेकडे आहेत (तिकडे तिवराला चेर म्हणतात). तिथपर्यंत येऊन गाडीत बसता येईल, पण अडीच-तीन तास. त्यापेक्षा त्यांच्यासाठी खिजडिया पक्षी अभयारण्य ठेवा, जामनगरपासून १२ किमी. बांधाच्या एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं, त्यामुळे दोन्हीकडचे पक्षी.

पिरोटन या सहलीत धरू नका. परवानग्या वेगळ्या, आणि होडी खाडीतून भरतीलाच आत-बाहेर करते. गेलात की पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे बारा तास, तिथेच.

सदाफुली
सगळ्यांचे आभार. द्वारका आधी आणि नरारा वद्य द्वितीयेला, परतीच्या वाटेवर, असं करतेय. सिक्क्याच्या तक्त्यात त्या दिवशी सकाळची ओहोटी ०.८ दिसतेय.

वाळूघड्याळ
उंची छान आहे. पण द्वारकेहून पहाटे निघून वेळ गाठणं अवघड. आदल्या रात्री खंभाळियाला किंवा जामनगरला मुक्काम करा. आणि तक्त्यातली वेळ भारतीय आहे की ग्रिनिचची, ते बघून घ्या. साडेपाच तासांचा घोळ तिथेच होतो.