होमिंग कधी एकदम बरोबर, कधी बरोबर ५ मिमी चुकतं, एन्कोडर इंडेक्सचा घोळ?

प्रश्न: नमस्कार मंडळी, छोटी राउटर मशीन घरीच बनवलीय, लिनक्ससीएनसी (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) वर चालते, कॉम्प्युटर आणि मोटरच्या मध्ये मेसाचं ५आय२५ आणि ७आय७७ कार्ड, सर्व्होला २५०० लाइनचा एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा) आणि बॉलस्क्रू १६०५ (१६ मिमी जाड, एका फेऱ्याला ५ मिमी सरकवणारा). आधी नुसत्या प्रॉक्सिमिटी स्विचवर होम करायचो (म्हणजे अक्षाची सुरुवातीची ठरलेली जागा शोधायचो) तेव्हा डायल लावून बघितलं तर मिमीचे ४-५ शतांश इकडेतिकडे व्हायचं, म्हणून सेटिंगमध्ये होम यूज इंडेक्स यस केलं, म्हणजे एन्कोडर दर फेऱ्याला एकदा जो इंडेक्स पल्स देतो त्यावर होम. आता दहापैकी आठ वेळा भारी येतं, सुई हलतच नाही, आणि दोन वेळा एक्स अक्ष पूर्ण ५ मिमी पुढे. काल त्यातच एक ॲल्युमिनियमचा जॉब वाया गेला, दोन तासाचं काम होतं हो. वायरिंग तीनदा तपासलं, शील्ड एकाच टोकाला अर्थ आहे. काय बघू?

उत्तर: वायरिंगला हात लावू नका दादा. नॉइज असता तर चूक कितीही आली असती, १.३ आली असती, ०.७ आली असती. तुमची दरवेळी ५ म्हणजे स्क्रूचा बरोबर एक फेरा, म्हणजे मशीन एक इंडेक्स सोडून पुढचा पकडतेय. होतं असं की लॅचच्या वेळी (स्विचवर गेल्यावर हळू बाहेर येऊन नेमकी जागा पकडतात ती पायरी) स्विच सुटतो आणि मग जो पहिला इंडेक्स येईल तो धरला जातो, आता तुमचा स्विच इंडेक्सच्या अगदी जवळ सुटत असेल तर त्याच्या त्या ४-५ शतांशामुळे कधी तो इंडेक्सच्या आधी सुटणार कधी नंतर, आणि नंतर सुटला की पुढचा इंडेक्स पूर्ण एक फेरा लांब. तपासायचं सोपंय. होम ऑफसेट आणि होम ही दोन्ही सेटिंग शून्य ठेवून होम करा, म्हणजे स्क्रीनवरचं शून्य हीच इंडेक्सची जागा. मग जॉग करून (हाताने बटण दाबून अक्ष सरकवत) स्विचवर परत जा आणि लॅचच्याच दिशेने ०.०१ च्या स्टेपने बाहेर या, हालशोमध्ये (लिनक्ससीएनसीची सिग्नल दाखवणारी खिडकी) स्विचचा इनपुट कुठल्या आकड्याला बदलतो ते लिहून ठेवा. स्विच ते इंडेक्स अंतर २.५ मिमी, म्हणजे अर्ध्या फेऱ्याच्या आसपास पाहिजे. शून्याजवळ किंवा ५ जवळ आलं तर हाच प्रॉब्लेम.

उत्तर: वरच्यांशी सहमत. फक्त एक कळकळीने सांगतो, अंतर सुधारायला मोटरच्या मागचा एन्कोडर फिरवू नका, ब्रशलेस सर्व्हो असेल तर कम्युटेशन (कुठल्या कॉइलला कधी करंट द्यायचा ते) त्यावरच असतं, मोटर विचित्र वागेल किंवा पळत सुटेल. स्विच अडीच मिमी सरकवा, नाहीतर कपलिंगचे ग्रब स्क्रू ढिले करून अर्धा फेरा द्या. स्विच सरकवणं बरं, कारण स्क्रूवरच्या इंडेक्सच्या जागा त्याच राहतात, म्हणजे तुमचं शून्य एकतर तिथेच राहतं नाहीतर बरोबर ५ ने सरकतं, ते होम ऑफसेटमध्ये भरा आणि सॉफ्ट लिमिट (सॉफ्टवेअरमधली अक्षाची हद्द) पण बघून घ्या.

प्रश्न २: मध्येच विचारतो, माझ्याकडे जीआरबीएल (छोट्या बोर्डवर चालणारं मशीन कंट्रोलचं सॉफ्टवेअर) आणि क्लोज्ड लूप स्टेपर (एन्कोडर लावलेल्या स्टेपर मोटर) आहेत, एन्कोडर आहेच की, मला इंडेक्स वापरता येईल का?

उत्तर: नाही मित्रा. तो एन्कोडर मोटरच्या ड्राइव्हमध्ये जातो, जीआरबीएलला फक्त स्विच दिसतो. चांगला स्विच लाव आणि दुसऱ्यांदा स्विच शोधताना वेग हळू ठेव. आणि लिनक्ससीएनसीत कोणी मेसा कार्ड न वापरता कॉम्प्युटरच्या पॅरलल पोर्टवर एन्कोडर वाचत असेल तर लॅच स्पीड फार कमी ठेवा. २५०० लाइन म्हणजे फेऱ्याला १०००० काउंट, ५ मिमी लीडला मिमीला २०००, आणि इंडेक्सचा पल्स साधारण एका काउंटचा. सेकंदाला अर्धा मिमी ठेवला तर तो १ मिलिसेकंद दिसतो, दर ५० मायक्रोसेकंदाला पोर्ट वाचणारा सॉफ्टवेअरचा बेस थ्रेड तो आरामात पकडतो. मेसाला ही अडचण नाही, तिथे इंडेक्स हार्डवेअरच पकडतं. बाकी हालमध्ये (लिनक्ससीएनसीत सिग्नल एकमेकांना जोडायची जागा) एन्कोडरची इंडेक्स एनेबल पिन जॉइंटच्या (अक्षाच्या) इंडेक्स एनेबलला एकाच नेटने (सिग्नलने) जोडलेली पाहिजे, ती दोन्ही बाजूने चालते, कंट्रोलर चालू करतो आणि इंडेक्स आला की एन्कोडर बंद करतो.

प्रश्नकर्ता: मोजलं!! एकदा ०.०६ आलं आणि परत होम केल्यावर ४.९३, म्हणजे तुम्ही म्हणालात तेच. ब्रॅकेटला स्लॉट होता म्हणून स्विच अडीच मिमी सरकवला, आता अंतर २.५५ येतंय. वीस वेळा होम करून डायल बघितली, एका शतांशाच्या आत, ५ चा झटका एकदाही नाही. मनापासून आभार. वाय अक्षाचं पण मोजलं, ते ०.९ आहे, चालेल ना?

उत्तर: चालेल, स्विचच्या चुकीच्या मानाने भरपूर आहे. पण ब्रॅकेट कधी खोलला तर परत मोजा.