ऑलिम्पिक फँटसी लीग: चार सुवर्णांना चौपट गुण द्यावेत का?

तळटीप:
आपल्या लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या निकालांवरून गुण मोजण्याच्या खेळात, प्रत्येक जण 100 क्रेडिटच्या (खेळाडूची किंमत मोजण्याचे एकक) मर्यादेत 12 खेळाडू निवडतो आणि सुवर्णाला 5, रौप्याला 3 व कांस्याला 2 गुण मिळतात. नियम वरवर निःपक्षपाती वाटतो, पण पॅरिस 2024 चे निकाल त्यात बसवून पाहिले की त्याचा कल लगेच कळतो. फ्रान्सचा जलतरणपटू लेओं मार्शां याने चार वैयक्तिक सुवर्णे आणि रिलेमध्ये एक कांस्य मिळवले, म्हणजे 22 गुण. नॉर्वेच्या मार्कस रूथने डेकॅथलॉन जिंकताना दोन दिवसांत धावणे, उड्या आणि फेक असे दहा प्रकार पार पाडले, त्याला 5. सुवर्णासाठी आठ सामने खेळलेल्या नेदरलँड्सच्या हॉकीपटूलाही 5च. ही तफावत कर्तृत्वाची नसून कोणत्या खेळाच्या वाट्याला किती पदके ठेवली आहेत याची आहे. म्हणून एकाच खेळाडूच्या दुसऱ्या पदकापासून गुण निम्मे करावेत आणि सांघिक व द्वंद्व खेळांत प्रत्येक विजयाला अर्धा गुण द्यावा, असे मी सुचवतो. मार्शांचे तरीही 13.5 होतात, त्यामुळे त्याच्यावर अन्याय झाला असे कोणी म्हणू नये.

पट्टीचा पोहणारा:
मी तेच म्हणणार आहे. 31 जुलैला मार्शांने 200 मीटर बटरफ्लाय आणि 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोक या दोन्ही शर्यती एकाच संध्याकाळी, दोन्ही ऑलिम्पिक विक्रमासह जिंकल्या. तुमच्या नियमाने त्यातील दुसरी, म्हणजे थकलेल्या शरीराने मारलेली बाजी, पहिलीच्या निम्म्या मोलाची ठरते! जास्त पदकांची संधी असलेला खेळाडू निवडताना जास्त क्रेडिट मोजावे लागतातच. तफावत दूर करायची तर ती किमतीत करावी, गुणतक्त्यात नव्हे.

तळटीप:
किंमत स्पर्धेपूर्वी ठरते आणि ती अंदाजच असते. तरीही ब्रेस्टस्ट्रोकचा मुद्दा मला खोडता येत नाही. वैयक्तिक प्रकारांत पूर्ण गुण राहू द्यावेत. मात्र रिलेमध्ये केवळ प्राथमिक फेरीत पोहलेल्यालाही पदक मिळते, त्यामुळे तेथे निम्मे गुण असावेत.

दहावी फेरी:
रिलेबद्दल वाद नाही. माझी हरकत विजयाच्या अर्ध्या गुणाला आहे, कारण त्यात निकाल कधी गोठवायचा, म्हणजे कोणत्या क्षणी अंतिम मानायचा, हा प्रश्न दडलेला आहे. विनेश फोगाटने 6 ऑगस्टला 50 किलो गटात तीन कुस्त्या जिंकल्या, त्यातली पहिली युई सुसाकीसारख्या गतविजेतीविरुद्ध. दुसऱ्या दिवशी वजन 100 ग्रॅमने जास्त भरल्याने ती अपात्र ठरली आणि अधिकृत क्रमवारीत शेवटची गेली. मग दीड गुण तिच्या नावावर ठेवायचा की काढायचा?

तळटीप:
ठेवायचा. त्या कुस्त्या मॅटवर झाल्या आहेत.

दहावी फेरी:
म्हणजे ज्या निकालावर लीग उभी आहे, त्याहून लीगच अधिक उदार! दोन्ही दिवशी वजन होणार हे कुस्तीत सर्वांना आधीपासून ठाऊक असते. शिवाय मॅटवरचे खरे मानायचे, तर जिम्नॅस्टिक्समध्ये काय कराल? अमेरिकेच्या जॉर्डन चाइल्सला फ्लोअर प्रकारात कांस्य मिळाले ते 5 ऑगस्टला. तिला त्या कांस्यापर्यंत नेणारी प्रशिक्षकांची गुणवाढीची मागणी एका मिनिटाची मुदत उलटून चार सेकंदांनी आली होती, या कारणावरून क्रीडा लवादाने 10 ऑगस्टला निर्णय फिरवला आणि पदक रोमानियाच्या आना बार्बोसूकडे गेले. समारोप होता 11 ऑगस्टला. रोजच्या रोज गुण गोठवले तर 2 गुण चाइल्सच्या मालकाकडे (लीगमध्ये तिला निवडणाऱ्याकडे) राहतात, समारोपाला गोठवले तर ते बार्बोसूच्या मालकाकडे जातात.

पट्टीचा पोहणारा:
समारोपाच्या रात्री बारा वाजता गोठवावेत. त्यानंतर काही वर्षांनी उत्तेजक चाचणीत कोणाचे पदक गेले, तरी जुना तक्ता उघडायचा नाही.

तळटीप:
ही मुदत मान्य आहे, आणि ती मानली की विनेशचा दीड गुण मला सोडावा लागतो. तो सोडतो, हॉकीपटूचा सोडणार नाही.