केरी, डोनेगाल की मेयो? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, डब्लिनला येऊन दोन वर्षं झाली, क्रिकेट सोडून काही कळत नाही आणि ऑफिसात सध्या लंच टाइमला गेलिक फुटबॉलशिवाय (आयर्लंडचा स्वतःचा खेळ, काउंटी म्हणजे जिल्ह्यांच्या टीम खेळतात) दुसरा विषयच नाही. एक केरीवाला, एक डोनेगालवाली, एक मेयोवाला, आणि तिघं मला विचारतायत तू कुणाकडून?

केरीवाला म्हणतो आमच्या 39 ऑल-आयर्लंड (वार्षिक चॅम्पियनशिप) आहेत, डेव्हिड क्लिफर्डसारखा स्टार खेळाडू आहे, विषय संपला. 2025 च्या फायनलला त्यांनी डोनेगालला 1-26 विरुद्ध 0-19 असं धुतलं (आधीचा आकडा गोल, नंतरचा पॉइंट, गोलचे 3 पॉइंट धरायचे, म्हणजे 29-19, हे कळायलाच मला महिना लागला). डोनेगालवाली म्हणते जिम मॅकगिनेस कोच आहे तोवर आम्हाला मोडीत काढू नका. मेयोवाला बिचारा 1951 पासून कप नाही म्हणून आधीच गप्प, 2016 आणि 2017 दोन्ही फायनल एका पॉइंटने गेल्या, माझा जीव खरं तर तिथेच अडकलाय.

आता प्रश्न. गोलसमोरच्या 40 मीटरच्या आर्कबाहेरून (मैदानावरची गोलाकार रेषा) मारलं की 2 पॉइंट हा नवा नियम आल्यापासून नक्की कुणाचा फायदा झाला, लांबून मारणारे कुणाकडे जास्त आहेत? आणि राहतो डब्लिनमध्ये तर डब्लिनलाच सपोर्ट करायला हवा का, की दुसऱ्या कुणाला केला तरी चालतं? क्रोक पार्कला (डब्लिनचं स्टेडियम) हिल 16 वर, म्हणजे उभ्याच्या स्टँडमध्ये, उभं राहून मॅच बघायची तर सात वर्षांच्या मुलाला नेऊ का सीटचंच तिकीट काढू? कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा.