जपानमध्ये एकाच टेबलावर व्हेज आणि नॉनव्हेज: सी विंग ग्रुप

स्नेहल, सी-२०४: एप्रिलमध्ये आठ जण टोकियो-क्योतोला निघालोय. चार मांसाहारी, तीन शाकाहारी (अंडं चालतं) आणि सासूबाई, त्यांना अंडं, कांदा, लसूण काहीच नाही. रोज दोन गट करून वेगवेगळीकडे जेवायचं का? माहितगारांनी सांगा.

मंदार, सी-६०१: दोन गट करायची गरज नाही, पण आधी घरातच एक गोष्ट ठरवा: दाशी चालणार का? खरी अडचण मटण-चिकनची नाही, ते ताटात दिसतं. दाशी दिसत नाही. कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे, यांचं हे पाणी. मिसो सूप, उदोन-सोबा या नूडल्सचा रस्सा, थंड सोबा बुडवायचं त्सुयू, टेम्पुराबरोबरचं (जपानी भजी) बुडवायचं पाणी, उकडलेल्या भाज्या, गोडसर आमलेट, सगळ्यात तेच. पोन्झू या आंबट सॉसमध्येही बहुधा असतं. "तुकडे नकोत, रस्सा चालेल" असं तिघांपैकी कुणाचं असेल तर अर्धा जपान खुला. नसेल तर जागा निवडून जावं लागेल.

राजश्री काकू, सी-३०२: मेनूवर अ‍ॅलर्जीचा तक्ता असतो ना? तो बघून चालणार नाही का?

मंदार, सी-६०१: काकू, तिथेच लोक फसतात. त्या तक्त्यात कोळंबी, खेकडा, अंडं, दूध येतं, बांगड्याच्या जातीचा साबा मासाही येतो. पण कात्सुओ, म्हणजे तोच बोनिटो, त्या सरकारी यादीतच नाही. म्हणजे तक्ता कोरा दिसला तरी दाशी असू शकते. विचारायचंच: "कात्सुओ-दाशि हाइत्ते इमासु का?" नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणू नका, सॅलडवर बेकनचे तुकडे येतील. "निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशि मो दामे देसु", म्हणजे मांस-मासे खात नाही, दाशीही नको. हे जपानी लिपीत छापून प्रत्येकाच्या पाकिटात ठेवा, तोंडी सांगण्यापेक्षा कागद पुढे करणं बरं. आणि "यातून अमुक काढा" ही विनंती छोट्या दुकानात मान्य होईलच असं नाही. रामेनच्या दुकानात दाराशीच तिकीट-मशीन असतं, तिथे तर बोलायला माणूसच समोर नसतो.

शिंदे काका, सी-१०१: जागांची नावं सांग रे, थिअरी पुरे 😄

मंदार, सी-६०१: सांगतो काका. मिश्र गटाला सगळ्यात सोपी जागा म्हणजे मॉलचं फूड कोर्ट. ज्याने त्याने आपापल्या काउंटरवरून आणायचं, टेबल एकच.
दुसरी, फिरत्या पट्ट्याची सुशी. ऑर्डर टॅब्लेटवर, हिशेब प्लेटवर. शाकाहाऱ्यांना काप्पा माकी (काकडी), नात्तो माकी (आंबवलेलं सोयाबीन). इनारी (टोफूच्या पिशवीत भरलेला भात) टाळा, त्याचं टोफूचं कव्हर सहसा दाशीत शिजवलेलं असतं.
तिसरी, साइझेरिया, ही इटालियन जेवणाची साखळी. मार्गेरिता पिझ्झा, पेपेरोन्चिनो पास्ता, आणि मांसाहाऱ्यांना हॅम्बर्ग स्टेक. स्वस्त आणि पोटभर.
टोकियो स्टेशनात जेआर रेल्वेच्या गेटच्या आत, केयो स्ट्रीटवर, टीज तानतान हे पूर्ण व्हीगन रामेनचं दुकान आहे. मांसाहारीही तिथे खुशाल खातील.
कोकोइची या करीच्या साखळीतली करी मात्र जपून. नेहमीच्या सॉसमध्ये पोर्क असतं, भाज्या वर घातल्या तरी ती व्हेज होत नाही. शाकाहारी सॉस वेगळा असतो, तोही निवडक शाखांतच.

स्नेहल, सी-२०४: इझाकाया (जपानी पब)? पोरांना तेच हवंय.

मंदार, सी-६०१: जा की. पण बसल्याबरोबर न मागता ओतोशी येतं, वाटीभर काहीतरी, माणशी साधारण ३०० ते ५०० येन, बिलात धरलेलं. त्यात बहुधा मासा. ती वाटी मांसाहाऱ्यांकडे सरकवायची. शाकाहाऱ्यांना एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), फ्राइज, थंड टोफू. टोफूवर बोनिटोचे पापुद्रे भुरभुरतात, म्हणून "कात्सुओबुशी नाशि दे" आधीच सांगा. भाज्यांचा टेम्पुरा मागवलात तर पिठात अंडं, आणि तेल कोळंबी तळलेलंच. बरोबर मीठ मागा: "शिओ". शाबू-शाबूला (टेबलावरच उकळत्या रश्श्यात मांस-भाज्या शिजवायच्या) दोन कप्प्यांचं भांडं मिळतं का ते बुकिंग करतानाच विचारा. याकिनिकूला (टेबलावर मांस भाजायचं) मात्र नको, एकाच जाळीवर कोण वांगं भाजणार? आणि आठ जणांना काउंटरवाल्या दुकानात एकत्र जागा मिळत नाही, बुकिंग कराच.

अनुराधा ताई, सी-५०३: रयोकान (पारंपरिक जपानी लॉज) घेतलं असेल तर रात्रीचं जेवण खोलीच्या भाड्यात धरलेलं असतं आणि जवळपास प्रत्येक वाटीत दाशी. व्हेज हवं हे बुकिंगच्या वेळीच लिहा. पोचल्यावर सांगितलं तर स्वयंपाकी हात जोडेल. सासूबाईंसाठी शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध मठातलं जेवण. मांस, मासे, अंडं, कांदा, लसूण नाही, दाशी कोम्बू आणि शिताके मशरूमची. क्योतोत अराशियामाला तेनर्यूजी मंदिरात शिगेत्सु, फक्त दुपारी, बागेचं तिकीट वेगळं. एक रात्र कोयासान या मठांच्या डोंगरावर मठात राहिलात तर सगळ्यांना तेच ताट, वाद नाही. मांसाहाऱ्यांना आधी कल्पना द्या मात्र 🙂

शाह भाभी, सी-४०४: हमारे यहाँ जैन खाना लगता है, तिथे चालेल?

अनुराधा ताई, सी-५०३: भाभी, कांदा-लसूण नसतं, पण मुळा, कमळकाकडी, रताळं, गाजर भरपूर असतं. जमिनीखालचं नको असेल तर तेही आधी लिहून कळवा.

शिंदे काका, सी-१०१: इथून राइस कुकर न्यावा म्हणतो.

मंदार, सी-६०१: नको काका. तिथे १०० व्होल्ट. आपला २३० व्होल्टचा कुकर तिथे जेमतेम पाचव्या हिश्शाने तापेल, भात शिजणारच नाही. कोन्बिनीत (छोटं किराणा दुकान) शिजवलेल्या भाताची पाकिटं मिळतात, मायक्रोवेव्हला साधारण दोन मिनिटं. वर मेतकूट आणि लोणचं. मात्र भाज्या दिसणारा रंगीत भात घेऊ नका, तो दाशीत शिजवलेला असतो. ओनिगिरीतही (भाताचे गोळे) साधी मिठाची किंवा उमेबोशीची (खारवलेलं आंबट फळ) घ्या, तीही मागचं लेबल मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचून. कोम्बूची शाकाहारी वाटते, पण त्यात बोनिटोचा अर्क असू शकतो. कढीपत्ता आणि ताज्या मिरच्या बॅगेत टाकू नका, ताज्या भाजीपाल्याला क्वारंटाइनचं प्रमाणपत्र लागतं, काही गोष्टींना तर बंदीच आहे.

राजश्री काकू, सी-३०२: स्नेहल, माझ्याकडची भाजणी नको का मग?

मंदार, सी-६०१: भाजणी न्या की. पण थालीपीठ लावायला हॉटेलच्या खोलीत गॅस नसतो काकू, किचन असलेलं अपार्टमेंट घेतलं तरच.