रात्री पिंजरा पूर्ण झाकायचा की मंद दिवा ठेवायचा?

शीळ:
घाबरट कॉकटिएलचा, म्हणजे डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या पोपटाचा, पिंजरा रात्री चारी बाजूंनी झाकू नये, असं माझं ठाम मत झालंय. आम्ही दोन वर्षं जाड चादर टाकत होतो. एका रात्री अडीचला फडफड आणि जाळीवर आपटल्याचा आवाज ऐकून धावले. तळाच्या कागदावर रक्ताचे शिंतोडे होते, पंखाचं नवं पीस तुटलं होतं. उगवत्या पिसाच्या नळीत रक्त खेळत असतं, त्यामुळे ते तुटलं की रक्त लवकर थांबत नाही. कॉर्नफ्लोर लावून कितीतरी वेळ दाबून बसले होते.

मुळात हा थव्याने राहणारा पक्षी. एक दचकून उडाला की बाकीचे उडालेच पाहिजेत, ही सवय अंगातच आहे. अंधारात त्याला फारसं दिसत नाही, म्हणून तो उडतो आणि आपटतो. आता मी मागची आणि दोन्ही बाजू झाकते, समोरची उघडी ठेवते आणि खोलीत मिणमिणता दिवा. दचकला तरी दांडी सापडते त्याला.

दाणापाणी:
मला हे पटत नाही. माझ्याकडे उजेडानेच घोळ झाला. पक्ष्याला उजेड फक्त डोळ्यांनी कळत नाही. कवटीतून आत झिरपणारा प्रकाशही मेंदूला जाणवतो. दिवस लांबलाय असं शरीराला वाटलं की मादी अंड्यावर येते. माझ्या मादीने नर नसताना एकामागून एक अंडी घातली, शेवटचं अडकलं. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे रोज 12 तास अंधार. झाकायला लागले तशी अंडी थांबली. शिवाय खिडकीतून गाड्यांचे दिवे भिंतीवर सरकतात, त्या हलत्या सावल्यांना ती जास्त घाबरायची. तुमची उघडी बाजू खिडकीकडे असेल तर?

शीळ:
खिडकीकडे नाही, भिंतीकडे आहे. आणि दिवा पिंजऱ्यावर रोखलेला नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीलगत आहे. पण अंड्यांचं म्हणणं मान्य. माझा नर आहे, त्यामुळे हा प्रश्न मला आलाच नव्हता.

तुरा:
चादर आणि दिवा यावर बोलताय, पण पक्षी दचकतो कशाने ते कुणी शोधलं का? माझ्याकडे लुटिनो, म्हणजे पिवळसर-पांढऱ्या रंगाचा कॉकटिएल आहे. या रंगाचे जास्त दचकतात असं पाळणारे म्हणतात. आठवडाभर मी त्याच्या खोलीत झोपून पाहिलं. झोपेत कूस बदलताना शेपूट घंटीच्या खेळण्याला लागायची आणि ती वाजली की हा उडायचा. संध्याकाळी घंटी आणि झोका काढून ठेवतो, पिंजऱ्यात एकच रुंद दांडी. फडफड जवळजवळ बंद झाली. ज्या खोलीत रात्री अकरापर्यंत टीव्ही चालतो, तिथे चादर टाकून पक्षी झोपत नाही, नुसता अंधारात जागा बसतो.

आणि फडफड झालीच तर लगेच हात घालू नका, कितीही जीव तुटला तरी. उजेड करा, लांबून हळू आवाजात बोलत राहा. तुरा खाली आला, तो स्वतःहून दांडीवर चढला, की मग जखम बघा. रक्त गळत असेल तर मात्र थांबायचं नाही.

दाणापाणी:
घंटीचं मी कधी पाहिलंच नाही. आज काढते. भिंतीकडची बाजू चार बोटं उघडी ठेवून बघेन. दिवा मात्र लावणार नाही, तिचं पुन्हा अंडं अडकायला नको.

शीळ:
नका लावू. फक्त कापडाचे सुटे धागे तपासा, दचकल्यावर नख त्यातच अडकतं.