बेंडिंगनंतर ट्रेचे माप वाढते: फ्लॅट पॅटर्न कोणी आणि कसा काढावा? (मदत हवी आहे)

नमस्कार. भोसरी परिसरात आमचे इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेलच्या जुळणीचे छोटे युनिट आहे आणि पत्र्याची सर्व कामे आम्ही जॉबवर्कवर बाहेरून करून घेतो. माझे शिक्षण इलेक्ट्रिकलचे असल्यामुळे फॅब्रिकेशनचे बारकावे मला कामातूनच शिकावे लागत आहेत.

सध्याची अडचण २ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड पोलाद) पत्र्याच्या एका साध्या ट्रेची आहे. तळ बाहेरून ३०० मिमी आणि दोन्ही बाजूंच्या फ्लँज (उभ्या वाकवलेल्या कडा) बाहेरून ५० मिमी, दोन्ही बेंड ९० अंशांचे. सॉफ्टवेअरमध्ये आतला रेडियस १ मिमी आणि के-फॅक्टर ०.५ अशी मूळची मूल्ये होती. त्यांवरून फ्लॅट पॅटर्नची (वाकवण्याआधीच्या सपाट पत्र्याची) लांबी ३९४.३ मिमी आली आणि तीच डीएक्सएफ (कटिंगच्या रेखाचित्राची) फाइल लेझर कटिंगसाठी दिली. कटिंग अचूक झाले आहे, हे मी व्हर्नियरने तपासले. तरीही एका कारखान्यातून आलेल्या ट्रेचा तळ ३०१.९ मिमी भरतो आणि त्याच फाइलवरून दुसरीकडे बनवलेल्या ट्रेचा ३०१.३ मिमी. फ्लँज मात्र दोन्हींकडे बरोबर ५० मिमी आहेत. दोघेही दोष फाइलला देतात. पण फाइल एकच असताना दोन ठिकाणी दोन उत्तरे का यावीत, हे मला उमगत नाही.

शिवाय बेंडजवळची ८ मिमी व्यासाची भोके लांबट झाली आहेत. त्यांचा मध्य फ्लँजच्या बाहेरील पृष्ठभागापासून १० मिमीवर आहे. ड्रॉइंगमध्ये कोणती माहिती दिली म्हणजे कोणत्याही कारखान्यातून एकच माप मिळेल, याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपण आकडे दिलेत हे फार बरे झाले, कारण अडचणीचे मूळ त्यांतच दिसते आहे. पत्रा वाकतो तेव्हा आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते आणि मधल्या एका थराची लांबी तेवढी कायम राहते. आतल्या पृष्ठभागापासून त्या थरापर्यंतचे अंतर भागिले जाडी म्हणजे के-फॅक्टर. ०.५ म्हणजे तो थर बरोबर मध्यावर आहे असे मानणे, आणि ते रेडियस जाडीच्या कित्येक पट असेल तेव्हाच खरे ठरते. रेडियस जाडीच्या आसपास असला की थर आत सरकतो आणि सीआर पत्र्यासाठी ०.४२ च्या जवळपासचे मूल्य धरणे योग्य.

दुसरी गोष्ट रेडियसची. आजकालचे बहुतेक बेंडिंग एअर बेंडिंग असते, म्हणजे पत्रा डायच्या (खालच्या साच्याच्या) तळाला टेकतच नाही. अशा वेळी आतला रेडियस प्रामुख्याने डायच्या व्हीच्या (व्ही आकाराच्या खाचेच्या) रुंदीवरून ठरतो. साध्या पोलादासाठी तो रुंदीच्या सुमारे १६ टक्के येतो. जाडीच्या आठपट व्ही, हा नेहमीचा हिशेब धरला तर २ मिमीसाठी १६ ची व्ही आणि २.६ मिमी रेडियस. १२ च्या व्हीवर तोच १.९ मिमी होतो. आपल्या फाइलमधला १ मिमी रेडियस या दोन्हींत बसत नाही.

आता हिशेब पाहा. ९० अंशांसाठी बेंड अलाउन्स (वाकलेल्या भागाची सपाट लांबी) म्हणजे १.५७०८ गुणिले (रेडियस अधिक के गुणिले जाडी), आणि डिडक्शन (बाहेरच्या मापांच्या बेरजेतून दर बेंडमागे वजा करायची लांबी) म्हणजे रेडियस व जाडीच्या बेरजेची दुप्पट वजा अलाउन्स. फाइलप्रमाणे प्रत्येक बेंडचे डिडक्शन २.८६ मिमी येते, १६ च्या व्हीवर ते ३.८० आणि १२ च्या व्हीवर ३.५० हवे. दोन बेंडचा फरक अनुक्रमे १.९ आणि १.३ मिमी, म्हणजे तळात वाढलेले माप तंतोतंत निघते. पहिल्याकडे १६ ची आणि दुसऱ्याकडे १२ ची व्ही लावली असावी, असे मी पैजेवर सांगेन. फ्लँज बरोबर येतात याचे कारण ऑपरेटर कड बॅकगेजला (मशीनमागच्या माप ठरवणाऱ्या अडणीला) टेकवून ५० चे माप धरतो, त्यामुळे सगळी जास्तीची लांबी तळात जमा होते.

माझे स्पष्ट मत असे की ग्राहकाने फ्लॅट पॅटर्न देऊच नये. तयार भागाची मापे, टॉलरन्स (मापातील चालणारा फरक) आणि अनिवार्य मापे कोणती हे द्यावे. फ्लॅट पॅटर्न ज्याच्याकडे प्रेस ब्रेक (पत्रा वाकवण्याचे मशीन) आहे त्याने काढावा. कटिंग एकीकडे आणि बेंडिंग दुसरीकडे असेल, तर बेंडिंगवाल्याकडून आधी चाचणीपट्टी मागवा: बरोबर १०० मिमी लांबीची पट्टी मध्यावर ९० अंशांत वाकवायची, दोन्ही भुजा बाहेरून मोजायच्या आणि बेरजेतून १०० वजा करायचे. बेरीज १०३.८ आली तर डिडक्शन ३.८. पट्टी त्याच पत्र्याची आणि त्याच डायवर वाकवलेली हवी.

प्रतिसाद २

भोकांबद्दल: भोकाची कड फ्लँजच्या बाहेरून ६ मिमीवर येते. त्यातून जाडी २ आणि रेडियस २.६ वजा केले की बेंडपासून फक्त १.४ मिमी उरतात, आणि वाकताना तो भाग डायच्या तोंडावर अधांतरी असतो. भोकाची कड फ्लँजच्या आतल्या पृष्ठभागापासून निदान अडीच जाडी अधिक रेडियस, म्हणजे इथे ७.६ मिमी, दूर असावी हा ठोकताळा आहे. मध्य बाहेरून १४ मिमीवर नेता आला तर उत्तम. नसेल तर बेंडनंतर ड्रिल करणे महाग पण सुरक्षित.

ड्रॉइंगवर जाडी गेजमध्ये (पत्र्याच्या जाडीच्या क्रमांकात) लिहू नका, मिलिमीटरमध्येच लिहा. १४ गेज हा ब्रिटिश पद्धतीत २.०३ मिमी असतो, अमेरिकी पोलाद पद्धतीत १.९० आणि अमेरिकी अ‍ॅल्युमिनियम पद्धतीत १.६३. पावडर कोटिंगचा थरही धरा. प्रत्येक पृष्ठभागावर ६० ते ८० मायक्रॉन चढतो, त्यामुळे एकमेकांत बसणाऱ्या झाकणांना तेवढी जास्तीची जागा लागते. आणि लेझरने ऑक्सिजन वापरून कापलेल्या कडेवर ऑक्साइडचा थर राहतो, जो काढला नाही तर कोटिंग तिथून सुटते. कटिंग नायट्रोजनमध्ये हवे असल्यास तसे लिहून द्या. दर अर्थातच वाढेल.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पुढची ऑर्डर याच ट्रेची, पण एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) मध्ये आहे. नव्याने काढलेले सीआरचे डिडक्शन तिथे चालेल का?

प्रतिसाद १

नाही. त्याच व्हीवर ३०४ चा रेडियस मोठा येतो आणि त्याचा स्प्रिंगबॅकही (वाकवल्यावर थोडे परत उघडणे) जास्त असल्याने ऑपरेटर अधिक वाकवून ९० अंश गाठतो, म्हणून पट्टी नव्याने घ्यावी लागेल. टनेज (वाकवायला लागणारा दाब) सीआरच्या सुमारे दीडपट लागते. २ मिमी सीआरला १६ च्या व्हीवर मीटरमागे सुमारे १७ टन, तर ३०४ ला २५ च्या आसपास. लांब भाग असेल तर मशीनची क्षमता आधी विचारा. पत्र्यावरची संरक्षक फिल्म कोणत्या बाजूला ठेवायची आणि दिसणारी बाजू कोणती, हेही ड्रॉइंगवर नमूद करा.