एअर प्लांट मातीशिवाय खातं काय नेमकं?

कुंडीवाली: नर्सरीतून टिलँडसिया आणलंय, मुठीएवढं, करड्या पानांचं. मुळं म्हणजे चार काळ्या दोऱ्या. माणूस म्हणाला माती नको, नुसतं लटकवा. सासूबाई म्हणतायत हे बांडगूळच, घरात कशाला आणलंस. जगतं कसं हे? पाणी मुळाशी घालायचं का?

रानवाटा: बांडगूळ नाही हो! बांडगूळ आंब्याच्या फांदीत घुसून रस ओढतं, हे फांदीला फक्त धरून बसतं, आपल्याकडचं सीतेची वेणी हे ऑर्किड बसतं तसं. मूळचं अमेरिका खंडातलं, अननसाच्या कुळातलं. तिकडे याच्या काही जाती विजेच्या तारांवर पण वाढतात, आता तारेत कुठला आलाय रस, सासूबाईंना हेच सांगा 😄

गच्चीवरची बाग: भिंगातून पान बघा, करडं दिसतं ती धूळ नाही, पुसू नका, बारीक खवले आहेत. पाणी तेच शोषतात, म्हणून भिजलं की पान हिरवं होतं आणि सुकलं की परत करडं. क्षारही तिथूनच, पावसात विरघळलेली धूळ, पक्ष्यांची घाण, कुजका पाला असलं काहीबाही. हवा खाऊन जगतं वगैरे नर्सरीवाल्यांच्या गप्पा. हवेतून घेतं तो कार्बन डायऑक्साइड, तोही मुख्यतः रात्री, कारण दिवसा छिद्रं उघडली तर पाणी उडून जाईल. त्यामुळे संध्याकाळी भिजवू नका, ओल्या पानाला रात्री हवा घेता येत नाही. सकाळी अर्धा तास बुडवायचं, आठवड्यातून एकदा, मग उलटं धरून झटकायचं आणि पंख्याखाली ठेवायचं, साधारण 4 तासांत सुकायला हवं.

कुंडीवाली: म्हणजे मुळं कापली तरी चालेल? तांब्याच्या तारेने लाकडावर बांधायचा विचार होता, छान दिसेल.

गच्चीवरची बाग: मुळं खुशाल कापा. पण तांबं अजिबात नको, ते याला विष आहे. तंगूस वापरा.

दमट हवा: किनारपट्टीवर राहत असाल तर पावसाळ्यात भिजवणं कमीच करा. मधल्या बेचक्यात पाणी साचलं की बुडखा काळा पडतो आणि पानं सरळ हातात येतात, इथे तहानेपेक्षा कुजूनच जास्त मरतात. आणि फूल आयुष्यात एकदाच येतं हं, नंतर मूळ झाड हळूहळू जातं, लोक उगाच घाबरून फेकून देतात. बुडाशी पिल्लं येतात, ती आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी झाली की सोडवा, नाहीतर तशीच राहू द्या, गुच्छ होतो.